पौष अमावस्येचं संमेलन

माझं झेरॉक्सचं दुकान आहे. साहित्याशी माझा संबंध तेवढाच, म्हणजे सातबारा, आधार कार्ड, जातीचा दाखला, असं जे काही कोणी लिहून ठेवलंय त्याची दोन रुपयात कॉपी काढून देणं. तरी मी आमच्या तालुका साहित्य संमेलनाचा कार्यवाह झालो, कारण पत्रिका फुकटात छापून होतील हे वाचनालयाच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना एकदमच सुचलं आणि मी नेमका तेव्हा चहा सांगायला खाली गेलो होतो. वर आलो तर टाळ्या चालू. मला वाटलं चहा आला म्हणून.

झालं असं की ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि आमच्या वाचनालयाने पेढे वाटले. वाचनालय 'क' वर्गातलं, सकाळी पेपरला नऊ जण येतात, त्यातले चार राशीभविष्यापुरते. पेढा खाता खाता सर म्हणाले, नुसते पेढे खाऊन काय होतंय, आपण संमेलन घेऊ. सर म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर, अख्ख्या गावाचे सर, माझ्या वडलांना पण व्याकरणात त्यांनीच नापास केलं आणि मला पण, त्यामुळे त्यांना नाही म्हणायची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

आता आमचं गाव नाशिक जिल्ह्यातलं, कांद्याचं. लासलगाव, पिंपळगाव एवढं मोठं मार्केट नाही, पण सकाळी नऊला ट्रॅक्टरची लाईन पार पेट्रोल पंपापर्यंत जाते. अशा गावात मोकळी जागा एकच, मार्केट यार्डातलं लिलावाचं शेड. मार्केट कमिटी म्हणाली जागा फुकट घ्या, पण लिलाव बंद असेल तेव्हा. लिलाव बंद कधी, तर अमावस्येला. पिढ्यान्‌पिढ्या हमाल-मापारी अमावस्येला काट्याला हात लावत नाहीत. आता काही मार्केटं अमावस्येलाही चालू ठेवतात म्हणे, आमचं अजून तेवढं पुढारलेलं नाही. मग अमावस्या कुठली, तर आमचे मंडपवाले म्हणाले पौषातली घ्या, पौषात मला लग्नं नसतात, अर्ध्या रेटमध्ये देतो, खुर्च्यांना कव्हर फुकट. अशा रीतीने २९ जानेवारी २०२५, बुधवार, पौष अमावस्या ही तारीख ठरली. पौषात लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही, आणि त्यात अमावस्या. साहित्य सोडून दुसरं काही करताच येत नाही असा दिवस शोधून काढल्याबद्दल मंडपवाल्याचे पत्रिकेत विशेष आभार मानले.

अखिल भारतीय संमेलनाला सरकार कोटीत पैसे देतं. आमच्याच्यानंतर तीन-साडेतीन आठवड्यांनी दिल्लीला ९८ वं होतं, तालकटोरा स्टेडियमवर. आमचं पहिलं, आणि बजेट पाचशेच्या पावत्यांवर. वर्गणीला मी आणि आबा फिरायचो. आबा म्हणजे आडत्या माणूस, स्वागताध्यक्ष, आयुष्यात वाचलेलं शेवटचं पुस्तक चौथीचं बालभारती, पण माणूस दिलदार. एका खतवाल्या दुकानदाराने विचारलं, साहित्य म्हणजे नेमकं काय काय देणार तुम्ही? त्याला वाटलं भांडी नाहीतर फवारणीचे पंप, काहीतरी अनुदानावर वाटणार. आबा न डगमगता म्हणाले, आधी पावती फाड, काय मिळतं ते त्या दिवशी बघ.

अध्यक्ष पुण्याहून आणले. नाव घेत नाही. फोनवर फार गोड. मानधनाचं विचारलं तर म्हणाले, "अहो, मानधनाचं काय, सेवा आहे ही." मी ते वाक्य डायरीत तारखेसकट लिहून ठेवलं, झेरॉक्सवाल्याची सवय.

मग फ्लेक्स. वीस बाय दहाचा, मध्ये अध्यक्षांचा हसरा चेहरा, खाली आम्हा कार्यकर्त्यांचे पासपोर्ट साईझ. आदल्या दिवशी दुपारी फ्लेक्स आला, उलगडला, आणि सर खुर्चीतून उठले. त्यावर 'सम्मेलन' लिहिलं होतं. म्हणाले, हा लावला तर मी येणार नाही. फ्लेक्सवाला म्हणाला, सर वाचणाऱ्याला कळतं ना. सर म्हणाले, हेच तर तुझ्या बापाने सातवीत सांगितलं होतं मला. रात्री अकराला दुसरा फ्लेक्स आला, बरोबरचा. त्याचे पैसे अर्थात कार्यवाहांच्या खिशातून, आणि चुकीचा फ्लेक्स कार्यवाहांच्या माळ्यावर. बायको म्हणाली, "वीस फुटाचा माणूस घरात कशाला आणलात?"

सकाळी ग्रंथदिंडी. पालखी मारुतीच्या देवळातून मागून आणलेली, आत ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा, संविधान, आणि शाळेची लेझीम पुढे. शेडपर्यंत सव्वा किलोमीटर. चांभार गल्लीच्या कोपऱ्यावर एक आजी ताट घेऊन बाहेर आल्या, गाथेला हळद-कुंकू वाहिलं, अकरा रुपये ठेवले आणि नारळ कुठे फोडायचा विचारलं. झालं, त्यांचं बघून प्रत्येक दारातनं बायका. संविधानालाही कुंकू लागलं. दिंडी पोचायला एक तास उशीर झाला पण पालखीत ३४७ रुपये निघाले, आणि आत्ताच सांगून ठेवतो, अख्ख्या संमेलनात नफ्यात राहिलेला कार्यक्रम हा एकच.

प्रास्ताविक सरांचं. पत्रिकेत दहा मिनिटं. सरांनी १८७८ पासून सुरुवात केली, पुणे, न्यायमूर्ती रानडे, पहिलं ग्रंथकार संमेलन. वीस मिनिटांनी आम्ही १८८५ ला पोचलो होतो, महात्मा फुल्यांना बोलावलं तेव्हा त्यांनी येत नाही म्हणून पत्र धाडलं आणि त्या संमेलनवाल्यांना घालमोडे दादा म्हणाले, तिथे. म्हणजे दर वर्षाला साधारण तीन मिनिटं. २०२५ यायला मी हिशोब केला तर संध्याकाळचे पाच वाजत होते. आबांनी मागून शाल ओढली तेव्हा सर थेट समारोपावर आले, मधली एकशेचाळीस वर्षं तशीच राहिली.

फुल्यांच्या त्या पत्राचा मला वेगळा ताप झाला होता. आमच्या तालुक्यातल्या एका कवीने आदल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर जाहीर पत्र टाकलं की जोतिबांनी रानड्यांना नकार दिला तसा मी तुम्हाला देतो, या घालमोड्या दादांच्या व्यासपीठावर मी पाऊल ठेवणार नाही. आता प्रॉब्लेम असा की आम्ही त्यांना बोलावलंच नव्हतं. राहून गेलं होतं. मग त्यांच्या घरी जाऊन रीतसर बोलावलं, म्हणजे त्यांचा नकार तरी नियमात बसेल. ते लगेच येतो म्हणाले.

अध्यक्षीय भाषण एक तास चाळीस मिनिटं. त्याबद्दल जास्त काही सांगता येणार नाही कारण मी भोजन कक्षात अडकलो होतो. बुंदी, वांग्याची भाजी, पुऱ्या, वरण-भात असा बेत, दोनशे कुपनं, सही-शिक्क्याची. जेवायला बसली तीनशे साठ. आचारी माझ्याकडे बघतो, मी कुपनं मोजतो, सगळी खरी वाटतात, सही माझीच, शिक्का वाचनालयाचाच. मग एका पोराला बाजूला घेऊन विचारलं, बाळा, कुपन कुठून आणलं? तो म्हणाला, "काका, तुमच्याच दुकानातून झेरॉक्स मारलं ना काल, तुम्हीच मारून दिलं. आठ कॉप्या, सोळा रुपये." आणि मला आठवलं. काल दिवसभर गर्दी होती, लोक एक चिटोरं पुढे करत होते, मी मारत होतो, कागद वाया जाऊ नये म्हणून एका पानात चार-चार बसवूनही देत होतो. पाठपोट पाहिजे का, हे पण विचारलं होतं. बुंदी संपली, मग आबांनी कुठल्याशा दुकानातून फरसाणची पोती मागवली, तीसुद्धा लोकांनी वरणात घालून खाल्ली.

दुपारी परिसंवाद, विषय 'ग्रामीण साहित्यातील शेतकरी'. वक्ते समीक्षक, चांगले बोलत होते, शोषणाची रूपं वगैरे. शेवटी प्रश्नोत्तरं. मागून एक बाबा उठले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "ते सगळं खरं, पण कांद्याचं वीस टक्के निर्यात शुल्क कधी निघणार तेवढं सांगा." समीक्षक गडबडले. म्हणाले, हा मुद्दा महत्त्वाचा आहे, मी पुढच्या आवृत्तीत याचा विचार करीन. शेड टाळ्यांनी दणाणलं. आणि खरं सांगू, १ एप्रिलला ते शुल्क निघालं. दिल्लीवाले काहीही म्हणोत, आमच्याकडे त्याचं श्रेय परिसंवादाला देतात.

आता कविसंमेलन. वेळ दोन तास, यादीत एकेचाळीस कवी, शिवाय ते नकार दिलेले, बेचाळीस. सूत्रसंचालन कोणी करायचं, कोणीच तयार नाही, कारण ज्याला थांबवू तो जन्मभर बोलणार नाही. तेवढ्यात माईक पण गेला. तेव्हा आबांनी नानांना उभं केलं. नाना मार्केट कमिटीचे लिलाव पुकारणारे, तीस वर्षं रोज हजार ट्रॅक्टरच्या आवाजावर आवाज काढलेला माणूस, त्यांना माईकची गरज नाही आणि कोणाची भीड पण नाही. नाना पहिल्या कवीच्या शेजारी जाऊन उभे राहिले, सवयीने एक हात त्याच्या खांद्यावर, जसा ट्रॉलीच्या फाळक्यावर ठेवतात, आणि चालू. "एक मिनिट, एक मिनिट, सव्वा, दीड, दीड, दोन, बोला बोला, अडीच, पावणेतीन, तीन! सोडा. पुढची ट्रॉली." पहिले दोघे-तिघे चिडले, पण लोकांनी असं काही उचलून धरलं की कवी स्वतःच घाईने वाचायला लागले, काहींनी तर दुसरं कडवं सोडून डायरेक्ट शेवट घेतला, आणि माझ्या मते त्या कविता त्यामुळे सुधारल्या. व्यापारी मंडळी पुढच्या रांगेत होती, त्यांना राहवेना. कोणी "माल ओला आहे" म्हणतोय, कोणी "गोल्टी निघाली" म्हणतोय. गोल्टी म्हणजे बारका कांदा. चारोळीवाल्याला ते फार लागलं. नकार दिलेले कवी उभे राहिले तेव्हा त्यांनी नानांना सांगितलं, माझी दीर्घकविता आहे. नाना म्हणाले, "मग अर्धी आज घ्या, अर्धी उद्याच्या लिलावाला लावा." बेचाळीस ट्रॉल्या एक तास पन्नास मिनिटात खाली.

पुस्तकाचा एकच स्टॉल होता, नाशिकहून आलेला. संध्याकाळी त्याला विचारलं, काय खपलं? म्हणाला, तलाठी भरतीची गाईडं सगळी गेली, कॅलेंडरं गेली, लोणच्याचं पुस्तक गेलं. कवितासंग्रह? म्हणाला, एक गेला. कोणाला? तर कवीच्या सासऱ्यांना, आणि तेही कमिशन मागत होते.

निघताना अध्यक्षांचा वांधा आला. आमच्या मार्केटला वांधा म्हणजे काय, तर ट्रॉलीजवळ व्यापारी भाव बोलतो, सौदापट्टी होते, सगळं गोड, आणि मग माल खाली करताना म्हणतो, खालचा कांदा खराब आहे, दोनशे रुपये कमी करा. त्यासाठी वांधा कमिटी असते. तसं अध्यक्षांनी पाकीट हातात घेतलं, बोटांनी जाडी पाहिली आणि म्हणाले, प्रवासखर्च यात नाहीये ना? मी म्हटलं, सर, आपण सेवा म्हणाला होतात. डायरी काढणार होतो. ते म्हणाले, सेवा भाषणाची, प्रवास वेगळा. वांधा कमिटी जागेवरच बसली, आबा, सर आणि मी. आबांनी तीस वर्षाच्या अनुभवाने मधला आकडा काढला, वर दहा किलो लाल कांद्याची गोणी गाडीत टाकली आणि अध्यक्ष हसत गेले. फ्लेक्सवर हसतात अगदी तसंच.

हिशोबाचं विचारू नका. तूट आठ हजार सहाशे, ती पाच जणांनी वाटून घेतली, माझ्या वाट्यातून कुपनांच्या झेरॉक्सची कमाई वजा करावी अशी सूचना आली आणि एकमताने मंजूर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला शेडमध्ये लिलाव चालू. नाना म्हणे दिवसभर चुकून "तीन! सोडा" म्हणत होते.

तो बरोबरचा फ्लेक्स वाऱ्याने सुटला आणि कोणीतरी नेला, मी पण नाद सोडला. मे महिन्यात अवकाळीने झोडपलं, तुम्हाला आठवत असेल, उन्हाळ कांदा लोकांच्या शेतात उघड्यावर पडला होता. पंचनाम्याला सातबारा लागायचा म्हणून दुकानात ही गर्दी. त्यात परिसंवादातले ते टोपीवाले बाबा आले. कॉप्या घेतल्या, पैसे दिले, पण जाईनात.

"तुमचा तो अध्यक्ष माझ्याकडं आहे," म्हणाले.

"कुठं?"

"कांद्यावर टाकलाय. माणूस भारी हो. एक थेंब आत येऊ दिला नाही." मग जरा जवळ येऊन हळूच म्हणाले, "अजून एक आहे म्हणे तुमच्या माळ्यावर?"

मी म्हटलं, "आहे, पण बाबा, त्याच्यावर शुद्धलेखनाची चूक आहे."

"कुठल्या बाजूला?"

"छापलेल्या."

"मग ती खाली करतो," बाबा म्हणाले, "कांदा काय वाचतोय होय?"