मुंबई–न्यूयॉर्क: जाताना सहा तास, येताना चोवीस?

नातेवाइकांच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरतोय. मुंबईहून रात्री 2 ला सुटलेलं विमान न्यूयॉर्कला सकाळी 8 ला उतरतं, म्हणजे 6 तास. परतीचं सकाळी 11 ला सुटून दुसऱ्या दिवशी 11 ला मुंबईत, म्हणजे 24 तास. कारण काय, तर पृथ्वी पूर्वेकडे फिरते. जाताना न्यूयॉर्क विमानाकडे चालून येतं, येताना मुंबई पुढे पळते. शिवाय कंपन्या मुद्दाम उत्तरेकडून वळसा घालतात. शाळकरी मुलंही हे वाचतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

आधी घड्याळ. तिकिटावरची वेळ त्या त्या गावची असते. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यामागे साडेनऊ तास असतं. म्हणजे जाताना 6 अधिक साडेनऊ, साडेपंधरा तास. येताना 24 उणे साडेनऊ, साडेचौदा. मेसेज सांगतो त्याच्या नेमकं उलट: पूर्वेकडे येतानाच वेळ कमी लागतो.

आता ‘मुंबई पुढे पळते’. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी जवळपास 1,580 किमी वेगाने पूर्वेकडे जाते. प्रवासी विमानाचा वेग ताशी 900 च्या आसपास. मेसेज खरा असता तर मुंबईहून निघालेलं विमान नागपूरला कधीच पोहोचलं नसतं. ते दीडेक तासात पोहोचतं आणि साधारण तेवढ्याच वेळात परत येतं. धावपट्टीवर उभं असतानाच विमान पृथ्वीबरोबर फिरत असतं, आणि ज्या हवेत ते उडतं ती हवाही.

मग तो एक तास कुठून आला? वाऱ्यातून. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वाऱ्यांचे पट्टे, वाहतात, कित्येकदा ताशी 200 किमीच्या वर. जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी 1920 च्या दशकात फुगे सोडून ते मोजले होते. फेब्रुवारी 2020 मध्ये वादळी वाऱ्यांच्या पाठबळावर ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोहोचलं. आपल्याकडचं उदाहरण तर त्याहून बोलकं आहे. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, पूर्वेकडे न्यायला सुरुवात केली. अंतर सुमारे 1,400 किमीने वाढून 15,300 वर गेलं, तरी ते साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा लवकर, पोहोचलं. या वाऱ्यांना पूर्वेची दिशा मिळते ती पृथ्वीच्या फिरण्यामुळे, हे खरं. पण विमानाला पुढे ढकलतो तो वारा.

राहिला वळसा. भिंतीवरच्या नकाशावर मुंबई–न्यूयॉर्क सरळ रेघ ओढा, ती वाट भरते सुमारे 14,200 किमी. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरा: तो उत्तरेकडे चढतो, नॉर्वे आणि आइसलँडमधल्या समुद्रावरून जातो आणि भरतो 12,500 किमी. नकाशावर वाकडी दिसणारी वाटच जवळची. खरे वळसे पडतात ते आकाश बंद झाल्यावर. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं हवाई क्षेत्र बंद केलं, तेव्हा पश्चिमेकडच्या आपल्या उड्डाणांचा वेळ आणि इंधन दोन्ही वाढलं.