एकटीनं फिरायला निघालात? मग एक माणूस ठेवा, फोनवर का असेना

एकटीनं दोन दिवस कुठंतरी जाऊन यावं असा किडा तुमच्याही डोक्यात वळवळायला लागला असेल तर जरा थांबा. मी आजच पहिला दिवस पार पाडलाय, रात्रीचे साडेदहा झालेत, संभाजीनगरातल्या एका लॉजच्या रूममध्ये दाराला खुर्ची टेकवून बसलेय, अनुभव ताजा आहे.

सगळ्यात आधी, घरी "फिरायला चाललेय" असं म्हणायचंच नाही. बाईमाणसाला परभणीच्या बाहेर पडायला लग्न, मौत, दवाखाना आणि परीक्षेची ड्यूटी एवढीच कारणं मंजूर आहेत. फारच अडलं तर घृष्णेश्वराचं नाव घ्यायचं, देव सोबतीत धरतात. मी खरं बोलले, तर शेजारच्या काकू आईच्या कानात, "एकटीच? कामून, काही झालं का घरात?"

रेल्वेत खिडकी मिळाली म्हणून हुरळून जायचं नाही. सेलूला चढलेल्या मावशींनी परतूर यायच्या आत माझा पगार आणि आईची शुगर काढून घेतली, जालन्याला स्थळ पण आलं. बिजवर आहे, पण शेती बागायती.

वार बघून निघा. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. म्हणून मी आज सोमवारी वेरूळ, उद्या अजिंठा असं बसवलं. एवढं डोकं लावलं, म्हणलं आता काय अडतंय.

लॉज अडलं.

बुकिंग पंधरा दिवस आधीचं, पैसे भरलेले, मेसेज मोबाईलमध्ये. काउंटरवरचा मॅनेजर माझ्या मागं बघायला लागला, मी पण वळून बघितलं, मागं पाण्याचा जार होता. "सोबत कोण?" कोणी नाही. "मिस्टर मागून यायलेत का?" मिस्टरच नाहीत. मग त्यानं रजिस्टर ओढलं, दोऱ्यानं बांधलेला पेन धरला आणि पतीचे/वडिलांचे नाव या रकान्यावर येऊन अडकला. वडील जाऊन आठ वर्षं झाली म्हणलं. "मग घरातलं कोणी माणूस बोलंल का फोनवर?" आई आहे की, लावते. "आई नाही हो मॅडम. माणूस."

माझ्या आईनं बावीस वर्षं अंगणवाडी चालवली, आम्हा दोघी बहिणींना शिकवलं, घराचं कर्ज फेडलं, पण ती माणसात मोडत नाही हे मला एक्केचाळिसाव्या वर्षी कळलं. प्रवासानं ज्ञान वाढतं म्हणतात ते असं.

तेवढ्यात एक परदेशी पोरगी आली, विशी-बाविशीतली, पाठीवर तिच्याएवढी बॅग. ती पण एकटीच. तिच्या मागं कोणी बघितलं नाही. साहेबांचं इंग्रजी "वेलकम मॅडम"च्या पुढं सरकंना, तर मलाच म्हणाले, मॅडम जरा विचारता का, व्हिसा कधीपर्यंत आहे. मी शाळेत इंग्रजी शिकवते, विचारलं. परदेशी पाहुणा आला की पोलिसांना कळवायला सी फॉर्म असतो, त्यातले निम्मे रकाने मी सांगून भरवले. दहा मिनिटांत ती किल्ली घेऊन वर गेली, थँक यू पण मला म्हणाली, त्याला नाही. आणि दुभाषी खालीच! म्हणलं हिला कसं काय दिलं ओ? "त्यांचं वेगळं असतंय मॅडम, ते लोक एकटेच फिरतात. तुम्ही आपल्यातल्या."

आपल्यातल्या!

शेवटी भाच्याला फोन लावला. एकोणीस वर्षांचा आहे, पॉलिटेक्निकला, दुपारी बारालासुद्धा अंथरुणात. ज्याची लंगोटं मी धुतली, ज्याच्या पहिल्या वर्षाची फी मी भरली, त्यानं जांभई देत "हा, द्या की भाऊ, चालतंय" म्हणलं आणि मॅनेजरच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की जसा कलेक्टरचा सही-शिक्क्याचा कागद आला. किल्ली मिळाली. तर सल्ला असा की प्रवासाला जाताना टॉवेल विसरला तरी चालंल, मिसरूड फुटलेला एक भाचा चार्ज करून ठेवा.

एसटीत २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे, त्यामुळं उरलेली अर्धी बाई कुठंय असं कोणी विचारलं तर रागवायचं नाही.

शेवभाजी हाफ मिळत नाही. फुल खा, दोघांची खा.

फोटो स्वतःचा निघत नसतो, लोकांच्या फॅमिल्यांचे काढून द्यायचे. मी आज अकरा काढले.

वेरूळला चौतीस लेण्या आहेत, मी सोळा नंबरला, कैलासातच बसून राहिले. आठव्या शतकात राष्ट्रकूटांनी अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणलाय, चुकला असता एखादा घाव तर वरून दगड कुठून लावणार होते. तिथं रावण खालून कैलास हलवतोय असं एक शिल्प आहे. पार्वती शंकराला बिलगलीय आणि तिची एक सखी घाबरून पळत सुटलीय. पळणारी ती एकटीच दिसली मला. बाराशे वर्षं पळतीय, तिला अजून कोणी मिस्टर कुठंत म्हणून विचारलेलं नाही.

रात्री नऊला रूमचा फोन वाजला. "मॅडम, आता बाहेर जाणार नाहीत ना? नाही, तुमच्याच सेफ्टीसाठी."

बास झालं. सरळ बोलते आता. सज्ञान बाईला खोली द्यायला घरातल्या पुरुषाचा होकार लागतो असं कुठल्या कायद्यात लिहिलंय ते दाखवा मला. आधार मागा, दहा वेळा मागा, मी दिलंच होतं. वरून ऑर्डर आहे म्हणता, तर कागद काढा तो. पैसे भरलेल्या बाईला भर दुपारी बॅगेसकट रस्त्यावर काढायला निघाले होतात, तेव्हा कुठं गेली होती सेफ्टी? मला भीती कशाची वाटली सांगू का, शहराची नाही, रिक्षावाल्याची नाही, तुम्ही सगळ्यांसमोर माझा रूम नंबर मोठ्यानं ओरडलात त्याची वाटली, म्हणून दाराला खुर्ची लावलीय. आणि त्या काकूंना पण सांगते, काहीही झालेलं नाही घरात. मला लेण्या बघायच्या होत्या. एवढंच कारण आहे, आणि ते पुरतंय.

उद्या सकाळची पहिली एसटी पकडणार, फर्दापूरच्या टी-जंक्शनला उतरून पुढं तिथली बस. बाहेर जाताना किल्ली काउंटरवर ठेवून जा म्हणलाय.

नाही ठेवणार.