एलन विल्किन्सन आणि तिच्या वर्गातली बाकीची मुलं

ब्रिटनच्या मजूर पक्षाची नेता एलन विल्किन्सन हिचं नाव निघालं की लोक १९३६ च्या जॅरो मोर्चाबद्दल, म्हणजे बेकार कामगारांच्या लंडनपर्यंतच्या पदयात्रेबद्दल बोलतात. मला तिच्या शाळेबद्दल लिहायचं आहे. तिचं पुढचं सगळं राजकारण, त्यातलं मला मनापासून पटतं ते आणि अजिबात पटत नाही तेही, त्या शाळेतूनच आलं असं माझं ठाम मत आहे.

जन्म १८९१ चा, मँचेस्टरचा. वडील आधी कापड उद्योगात कामगार, नंतर विमा एजंट. घर मेथडिस्ट पंथाचं, श्रद्धाळू. आईची तब्येत कायम नाजूक. एलनही लहानपणी इतकी आजारी असायची की पहिली काही वर्षं घरातच गेली आणि वाचायला ती स्वतःच शिकली. वडील तिला व्याख्यानांना घेऊन जात, अगदी उत्क्रांतिवादावरच्यासुद्धा. भाविक माणसानं पोरीला डार्विन ऐकायला न्यावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्या माणसाला या गोष्टीत हवी तेवढी जागा कुणी देत नाही.

शाळेतले वर्ग मात्र प्रचंड मोठे. दोन-चार हुशार पोरांना धडा झटकन कळायचा आणि बाकीच्यांचं होईपर्यंत त्यांनी गप्प बसायचं. ही घुसमट तिनं मोठेपणी लिहून ठेवली आहे. पंधराव्या वर्षी, १९०६ मध्ये, तिला २५ पौंडांची मदत मिळाली आणि शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण सुरू झालं: अर्धा आठवडा स्वतः शिकायचं, अर्धा आठवडा प्राथमिक शाळेत शिकवायचं. म्हणजे ज्या गर्दीत ती बसली होती, तशाच गर्दीपुढे आता उभी राहिली. १९१० मध्ये तिनं इतिहासाची शिष्यवृत्ती जिंकली आणि मँचेस्टर विद्यापीठात गेली.

आपल्याकडे अशी गोष्ट इथेच संपवतात. गरिबीवर मात, जिद्द, फोटो, अभिनंदन. मला त्याचा राग येतो. एक मुलगी वर गेली, पण त्या वर्गातल्या बाकीच्या मुलांचं काय झालं, हे विचारायलाच कुणी थांबत नाही. एलन मात्र थांबली. सोळाव्या वर्षापासून ती समाजवादी चळवळीत होती. पदवी घेतल्यावर शिक्षिकेची वाट मोकळी असताना, १९१३ मध्ये तिनं स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या संघटनेत पूर्णवेळ काम धरलं. आणि १९१५ मध्ये सहकारी भांडारांतल्या कर्मचाऱ्यांच्या युनियनमध्ये स्त्रियांची संघटक झाली.

तिच्या कारकिर्दीतला हा काळ मला सगळ्यात मोलाचा वाटतो. महायुद्ध चालू, पुरुष आघाडीवर, त्यांच्या जागी दुकानांत बायका आणि मुली. काम तेच, पगार कमी. पुरुष कामगारांना भीती की या बायका आपली मजुरी पाडतील. एलन दोन्हीकडे एकच सांगत फिरली: कामाला दाम सारखा द्या, म्हणजे कुणी कुणाची मजुरी पाडणार नाही. १९१८ चा मताधिकारही फक्त तिशीपुढच्या, त्यातही अटीत बसणाऱ्या स्त्रियांना मिळाला. काउंटरमागच्या विशी-पंचविशीतल्या मुली त्यातही नव्हत्या. पुढे खासदार असताना ती हा मुद्दा लावून धरत राहिली आणि १९२८ च्या कायद्यानं एकविसाव्या वर्षापासून सगळ्या स्त्रियांना मत मिळालं.

१९२० मध्ये ती कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत होती, १९२४ मध्ये बाहेर पडली. मधे १९२३ मध्ये मँचेस्टरची नगरसेवक झाली. १९२४ च्या निवडणुकीत मिडल्सबरो ईस्ट मतदारसंघातून अवघ्या ९२७ मतांनी जिंकली. त्या निवडणुकीत चार स्त्रिया खासदार झाल्या, त्यात मजूर पक्षाची ही एकटी.

१९३१ मध्ये हरली. दुसरं कुणी घरी बसलं असतं. ती १९३२ मध्ये कृष्ण मेनन यांच्यासह इंडिया लीग या भारताच्या स्वातंत्र्याला पाठिंबा देणाऱ्या ब्रिटनमधल्या संघटनेच्या शिष्टमंडळातून भारतात आली. गांधीजी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात होते. ती त्यांना भेटली, आणि त्यांना वगळून इथे शांतता नांदणार नाही, हे मत घेऊन परतली. पुण्याच्या लोकांनी तरी तिची ही ओळख ठेवायला हवी.

मग १९३५ मध्ये ईशान्य इंग्लंडमधल्या जॅरोची खासदारकी. गोदी बंद पडलेलं, बेकारीनं मोडलेलं गाव. दोनशे पुरुष मागणीपत्र घेऊन पायी लंडनला निघाले आणि वाटेत बराच काळ ही ठेंगणी, लाल केसांची बाई त्यांच्याबरोबर चालली. पंतप्रधान बाल्डविन यांनी भेटसुद्धा दिली नाही.

१९४५ मध्ये पंतप्रधान ॲटलींनी तिला शिक्षणमंत्री केलं. शाळेत मुलांना रोज मोफत दूध सुरू झालं. शाळा सोडण्याचं किमान वय चौदावरून पंधरा करायचं कायद्यात ठरलेलं होतं, पण बॉम्बहल्ल्यांत पडलेल्या इमारती, शिक्षकांचा तुटवडा आणि रिकामी तिजोरी पाहून मंत्रिमंडळातल्या सहकाऱ्यांना ते पुढे ढकलायचं होतं. ती हटली नाही. बरोबरच केलं. पैसेवाल्यांची मुलं तशीही पंधरापुढे शिकतच होती. लांबणीवर पडलं असतं तर ते एक वर्ष फक्त कामगारांच्या पोरांचं गेलं असतं. तात्पुरते वर्ग उभारले, माजी सैनिकांना थोडक्या काळात प्रशिक्षण देऊन शिक्षक केलं. १ एप्रिल १९४७ ला नियम लागू झाला. एलन त्याआधीच, ६ फेब्रुवारीला गेली होती.

आता जे पटत नाही ते. अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन हुशार मुलांना ग्रामर स्कूलमध्ये, म्हणजे पुढच्या शिक्षणाकडे नेणाऱ्या निवडक शाळांत, आणि उरलेल्यांना दुसऱ्या शाळांत पाठवायची पद्धत तिनं मोडली नाही, उलट तिचं समर्थन केलं. तिच्याच पक्षातल्या शिक्षकांनी तेव्हा टीका केली आणि ती रास्त होती. मला यात ती वर्गात घुसमटलेली मुलगी दिसते. हुशार गरीब पोराला वाट मिळावी, ही तिची तळमळ खरी होती. पण दुकानातल्या मुलींसाठी ज्या बाईनं सरसकट समान पगार मागितला, तिनं अकरा वर्षांच्या पोरांची अशी वर्गवारी चालू द्यायला नको होती. ही निवड बंद करण्याच्या योजना आखा, असं सरकारनं इंग्लंडमधल्या स्थानिक शिक्षण खात्यांना सांगितलं ते १९६५ मध्ये. मधल्या अठरा वर्षांत नापास ठरलेल्या मुलांचा हिशेब तिच्याही खात्यावर मांडावा लागतो, आणि तिच्यावर माझं इतकं प्रेम असूनही मी तो मांडते.