आपल्या रिव्ह्यूला टर्फच्या मालकाचं उत्तर

नमस्कार सर,

वीज गेल्याने आमच्या टर्फवर तुमचा खेळ मोडला, त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करतो. पण "जनरेटर असून २५ मिनिटं अंधारात बसवलं, वर डिझेलचे २०० उकळले, तिकडे आयपीएल मात्र झगमगाटात चालू" हे तुमच्या रिव्ह्यूत वाचून गप्प बसवेना.

त्या दिवशी रात्री ८.२० ला फीडर (आमच्या भागाला वीज देणारी लाइन) बंद झाला आणि ८.२२ ला जनरेटरवर वीज सुरू झाली. टर्फवर १००० वॅटचे ८ मेटल हॅलाइड दिवे आहेत. हे दिवे तापलेले असताना विझले की लगेच पेटत नाहीत. आतल्या वायूचा दाब उतरेपर्यंत इग्नायटर (दिवा पेटवणारा भाग) कितीही ठिणग्या मारू दे, दिवा पेट धरत नाही. थंड व्हायला साधारण १० मिनिटं, मग पूर्ण उजेडाला आणखी ४-५. म्हणजे ८.३७ च्या सुमारास तुम्ही खेळायला लागला असता. दिवे नुकते निळसर मिणमिणायला लागले होते, तेवढ्यात तुमच्यातल्या एकाने "रीसेट मारतो" म्हणत बोर्डावरचा एमसीबी (मेन स्विच) पाडून परत वर केला. झालं, पुन्हा पहिल्यापासून. बोर्डावर "हात लावू नये" असं लिहिलंय, तेही मराठीत.

२०० रुपयांचा हिशोब सांगतो. दिवे आणि चोक मिळून ९ किलोवॅट, १५ केव्हीए क्षमतेचा जनरेटर सेट एवढ्या भाराला तासाला ३ लिटरच्या आसपास डिझेल पितो. डिझेल तेव्हा, २०२२ च्या एप्रिलमध्ये, लिटरला शंभरच्या वर होतं. सेट तुमच्यासाठी ९.१० पर्यंत चालू होता, म्हणजे डिझेलच २०० च्या वर गेलं, कारण नऊच्या टीमला विनंती करून तुम्हाला १० मिनिटं जादा दिली. ते रिव्ह्यूत आलेलं नाही.

"लाइट जाणार हे माहीत असून स्लॉट विकला" हे रिव्ह्यूतलं वाक्यही बरोबर नाही. एप्रिल २०२२ चं भारनियमन कोळशाच्या टंचाईतून आलं, त्यात उन्हाने मागणी वाढलेली. वीजगळती आणि बिलांची वसुली पाहून महावितरणने फीडरचे ए ते जी३ असे गट पाडलेत आणि तुटवडा आला की खालच्या गटांवर आधी गदा येते. आमचं बिल वेळेवर भरलेलं असतं, पण फीडर अख्ख्या भागाचा. थकबाकी शेजारची, अंधार आमच्याकडे. आपत्कालीन भारनियमन असेल तर वेळापत्रकही नसतं.

राहिलं आयपीएल. मोठ्या स्टेडियमचे दिवे सहसा जनरेटरवरच असतात. तरी १२ मे २०२२ ला मुंबईच्या वानखेडेवर वीज गेल्याने सुरुवातीला डीआरएस (पंचांचा निर्णय कॅमेऱ्याने तपासून घेण्याची सोय) नव्हता, चेन्नईच्या कॉनवेला पायचीत दिल्यावर रिव्ह्यू घेता आला नाही. (तिथलं कारण भारनियमन नव्हतं, एवढं मान्य.)

एलईडीचं कोटेशन मागवलंय, ते दिवे वीज आली की लगेच लागतात. पावसाळ्यानंतर बघतो. जनरेटरचे जादा पैसे किती ते यापुढे बुकिंगच्या मेसेजमध्येच येईल आणि बोर्डाला कुलूप लावतोय.

तारे किती द्यायचे ते तुम्ही ठरवा. फक्त एमसीबीचं आणि त्या १० मिनिटांचंही लिहा, एवढीच विनंती.