पडवीतला उजेड

सध्या एक मेसेज घराघरांतल्या ग्रुपवर फिरतोय: 'कोकणात माणसांचे फोटो काढायचे तर सूर्यास्ताआधीच्या तासात, तेही किनाऱ्यावर. चेहऱ्यावर थेट ऊन हवं. ढग आले तर कॅमेरा बाहेर काढूच नका.' मी रत्नागिरीकडे घरगुती फोटो काढतो. यातलं एकही वाक्य मला मान्य नाही.

आधी तो 'तास'. रत्नागिरी साधारण १७ अंश अक्षांशावर, त्यामुळे इथला सूर्य बराच सरळ खाली उतरतो. क्षितिजाच्या सहा अंश वर आला की बुडायला जेमतेम २५ मिनिटं. खरा सोनेरी उजेड तेवढाच. आरे-वारेच्या किनाऱ्यावर पोचून साडी नि केस सावरेपर्यंत तो संपत येतो, आणि घाई चेहऱ्यांवर दिसते.

बाकीचा दिवस वाया? मुळीच नाही. मे महिन्यात साडेबाराच्या सुमाराला सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा माणसाला पडवीत बसवा. वळचणीपासून हातभर आत, तोंड अंगणाकडे. वरचं ऊन छप्पर अडवतं, समोरच्या मोकळ्या आभाळाचा मऊ उजेड चेहऱ्यावर येतो, डोळ्यांत चमक उतरते, आणि मागचं काळोखं माजघर आपोआप पार्श्वभूमी होतं. फक्त अंगणाकडे लक्ष द्या. समोर उन्हात तापलेला उघडा जांभा, म्हणजे इथला तांबडा दगड, असेल तर हनुवटीखाली तांबूस झाक येते. चुना लावलेली भिंत असेल तर उत्तम. आंब्याखाली मात्र जपून, तिथे गालावर कवडसे पडतात.

थेट उन्हात डोळे बारीक होतात, सूर्य वर असेल तर नाकाची सावली ओठांवर पडते. ऊन माणसाच्या पाठीशी ठेवा आणि एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, चेहऱ्यावरून मोजा. आरे-वारेची फिकी वाळू खालून उजेड परतवते. मांडवीची वाळू काळी, तिथे कुणालातरी पांढरा पंचा धरायला सांगा.

ढगांचं म्हणाल तर पावसाळ्यात सड्यावरचा, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावरचा, उजेड मला सगळ्यात आवडतो. तो वरून येतो म्हणून डोळ्यांच्या खोबणी काळवंडतात, एवढंच. हनुवटी किंचित वर करायला सांगितली की झालं.

मला या मेसेजचा राग येतो तो घरातल्या म्हाताऱ्या माणसांमुळे. गुडघे धरलेली आजी संध्याकाळी किनाऱ्यावर येणार नाही. गणपतीला चाकरमानी आलेले असतात, घर भरलेलं असतं, आभाळ बहुतेक वेळा ढगाळ असतं आणि आजी पडवीतच बसलेली असते. तेव्हा काढा तिचा फोटो.