टाळेबंदीतला पाडवा

करोनाच्या टाळेबंदीत दिनक्रम ठरवून घेतला की मन थाऱ्यावर राहते, असे एका लेखात वाचले आणि ते पटले. मात्र तो बसायला आमच्या घरी चांगले दोन आठवडे गेले. ९ मार्च २०२० रोजी राज्यातले करोनाचे पहिले रुग्ण पुण्यात आढळले आणि २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, देशभर टाळेबंदी सुरू झाली. त्या सकाळी साखरेची गाठी कुठेच मिळेना, तेव्हा आईने खडीसाखरेची पुरचुंडी बांधून तीच गुढीला लावली. पुढे दुधाच्या पिशव्या साबणाने धुऊन चिमट्यांनी दोरीवर वाळत घालणे, हेच रोजचे पहिले काम झाले (त्याची गरज किती होती, हा भाग वेगळा). ‘सकारात्मक राहा’ असे सांगणाऱ्या संदेशांचा मला तरी वैतागच येई. त्यापेक्षा वडिलांकडे पाहून धीर यायचा. एरवी सारसबागेत फिरायला जाणारे वडील गच्चीवर चाळीस फेऱ्या मारत आणि मोजणी चुकू नये म्हणून प्रत्येक फेरीला एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकत.