डी ड्राइव्ह, साडेपाच तास आणि माझी एक चूक

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. मग माझाच लेख उघडून बघितला, आणि एका मुद्द्यावर तुमचं बरोबर निघालं.

तुमची तक्रार थोडक्यात अशी: लेखात सांगितल्याप्रमाणे विंडोजशेजारी उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं, तर उबुंटूतून डी ड्राइव्हवर काही लिहिताच येईना. विंडोजचं घड्याळ सकाळी दहाला साडेचार दाखवू लागलं. आणि ‘व्हर्च्युअल मशीन (विंडोजच्या आतच दुसरी सिस्टिम चालवण्याची सोय) असताना हे उपद्व्याप शिकवताच कशाला?’

डी ड्राइव्हचं खापर माझ्या माथी फोडा. विंडोजची फास्ट स्टार्टअप ही सोय आधी बंद करा, हे वाक्य लेखातून राहूनच गेलं. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद असं राहिलेलं नाही. पुढच्या वेळी पटकन उठता यावं म्हणून विंडोज कर्नलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची, स्थिती डिस्कवर लिहून ठेवतं आणि झोपतं. त्याच्या लेखी पार्टिशन (डिस्कचा तो भाग) अजून वापरातच असतं. उबुंटूला हे दिसतं, म्हणून ते ड्राइव्ह फक्त वाचायला देतं. वैताग येतो खरा, पण तिथे लिहू दिलं असतं आणि विंडोज जुनी स्थिती घेऊन उठलं असतं, तर फाइलींचा खेळखंडोबा झाला असता. गंमत म्हणजे ‘रीस्टार्ट’ दिलं की विंडोज खरोखर पूर्ण बंद होतं.

घड्याळाचा आळ मात्र मी घेणार नाही. मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असं विंडोज धरून चालतं, लिनक्स तिथे यूटीसी (आपल्या साडेपाच तास मागची जागतिक प्रमाणवेळ) धरतं. लिनक्सने इंटरनेटवरून वेळ जुळवून घड्याळात यूटीसी लिहिली, की विंडोज बरोब्बर साडेपाच तास मागे जातं. लेखात याचा उपाय दिला होता, तळाशी होता एवढंच. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की ते कुरकुरतं, पण त्यामागचं एक मोठं कारण उन्हाळ्यात घड्याळं पुढे-मागे करण्याची पद्धत हे आहे. आपल्याकडे ती भानगड नाही. न्यू जर्सीतल्या वाचकाने मात्र विंडोजलाच यूटीसी शिकवावं.

आता व्हर्च्युअल मशीन. सोळा जीबी रॅम असेल तर तुमचं म्हणणं पटतं, नुसतं लिनक्स बघायचं असेल तर पार्टिशनला हातही लावू नका. माझ्या लॅपटॉपमध्ये चार जीबी आहे. त्यात एका सिस्टिमच्या पोटात दुसरी चालवली की दोन्ही रांगतात. शिवाय त्यात टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) नाही, म्हणजे विंडोज ११ चा दरवाजा बंद, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटरनेटची सगळी कामं मी उबुंटूवर करतो. विंडोज ठेवलंय ते श्री-लिपी आणि पेजमेकरमधल्या जुन्या दिवाळी अंकांच्या फाइलींसाठी, तेही वाय-फाय बंद करून. त्या फाइली युनिकोडमध्ये आणायला बसलो की जोडाक्षरं सुटतात. कधीतरी सगळ्या आणीन म्हणतो.

दोन सिस्टिम एकत्र ठेवण्यात धोका नाही, असा माझा दावा नाही. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर कित्येकांचं लिनक्स सिक्युअर बूटपाशी (सुरू होताना सिस्टिम खात्रीची आहे का ते तपासणाऱ्या टप्प्यापाशी) अडलं होतं. ड्युअल बूट, म्हणजे दोन सिस्टिम असलेल्या मशीनना हा बदल लागू होणार नाही असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं, तरीही.

आणि तुमच्या नजरेतून सुटलेली माझी दुसरी चूकही सांगून टाकतो. बिटलॉकरबद्दल (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) मी अवाक्षर लिहिलं नव्हतं. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क तुम्हाला न विचारताच एन्क्रिप्ट झालेली असते. बूटच्या सेटिंगला हात लावला की बिटलॉकर ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती आधी कागदावर उतरवून घ्या.

लेखात दोन्ही गोष्टी आज घातल्या आहेत, अगदी वर. तुम्ही आता एवढंच करा: विंडोज चालू करून कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये फास्ट स्टार्टअपची खूण काढा, शट डाउन करा आणि मग उबुंटू उघडा. तरीही डी ड्राइव्ह अडला, तर जबरदस्तीने माउंट करू (जोडू) नका. काय एरर येतेय ती जशीच्या तशी इथे लिहा.